कुणी बघत नसेल तरी नीट का वागायचं?

प्रश्न : मी बहुतेक वेळा सरळ वागते. कुणाचे पैसे बुडवत नाही, फसवत नाही. पण हल्ली मनात येतं की हे मी खरंच मनापासून करते की पकडलं जाण्याची भीती आणि लोक काय म्हणतील याची काळजी म्हणून? प्राचीन ग्रीकांनी यावर पुष्कळ डोकं चालवलंय असं ऐकलंय. त्यांचं म्हणणं काय होतं?

उत्तर : हाच प्रश्न तुमच्या आधी एका तरुणाने विचारलाय, आणि तोही सरळ वागणाराच होता, फक्त का वागतो ते त्याला सांगता येत नव्हतं. त्याचं नाव ग्लॉकॉन, प्लेटोचा सख्खा भाऊ. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये अथेन्सच्या बंदरावर, पायरियसला, सेफॅलस नावाच्या एका श्रीमंत म्हाताऱ्या गृहस्थांच्या मुलाच्या घरी मंडळी जमलीयेत, गप्पा न्यायावर, म्हणजे सरळ वागण्यावर, आल्यात, आणि थ्रॅसिमॅकस नावाचा वक्तृत्व शिकवणारा एक जण तावातावाने सांगून मोकळा झालाय की जो बलवान असतो त्याच्या सोयीचं जे असेल त्यालाच न्याय म्हणतात, सरळ माणूस सगळीकडे नुकसानीत जातो आणि मोठ्या प्रमाणावर लबाडी करणारा सुखात राहतो. सॉक्रेटिस त्याला वादात गप्प करतो पण ग्लॉकॉनचं समाधान होत नाही. तो म्हणतो की हे असलं बोलणं ऐकून ऐकून माझे कान किटलेत, मला स्वतःला ते पटत नाही, पण न्यायाची बाजू मला हवी तशी मांडलेली मी अजून कुणाकडूनच ऐकलेली नाही, तेव्हा मीच आता अन्यायाची बाजू जमेल तेवढी जोरात मांडतो आणि तू मला उत्तर दे.

मग तो अंगठीची गोष्ट सांगतो. लिडियाच्या राजाकडे एक मेंढपाळ होता, गायजीस नावाच्या माणसाचा पूर्वज. एकदा मोठं वादळ आणि भूकंप होऊन जमीन दुभंगली, तो आत उतरला तर आत पितळेचा एक पोकळ घोडा, त्याच्या पोटात एक भलंमोठं प्रेत आणि प्रेताच्या बोटात सोन्याची अंगठी. ती घेऊन तो वर आला. पुढे मेंढपाळांच्या बैठकीत बसलेला असताना त्याने सहज अंगठीचा खडा तळहाताच्या बाजूला फिरवला तर तो कुणाला दिसेनासाच झाला, बाहेर फिरवला की परत दिसायला लागला. एवढं कळल्यावर तो राजवाड्यात जाणाऱ्या निरोप्यांमध्ये घुसला, राणीला फितवली, तिच्या मदतीने राजाला मारलं आणि राज्य घेतलं. ग्लॉकॉन म्हणतो, आता अशा दोन अंगठ्या आहेत असं समजा, एक सज्जनाला द्या एक दुर्जनाला, दोघं एकाच वाटेने जातील. म्हणजे माणूस नीट वागतो तो नाइलाज म्हणून.

(ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसने गायजीसची गोष्ट वेगळी सांगितलीये. तिच्यात अंगठी नाहीच. राजाच त्याला आपली राणी किती सुंदर आहे ते लपून बघायला लावतो, आणि दाराआडून बाहेर सटकताना राणी त्याला बघते, आणि मग त्याच्यापुढे दोनच पर्याय ठेवते, राजाला मार नाहीतर तू मर. म्हणजे तिथे सगळं घडतं ते तो *दिसला* म्हणून. प्लेटोने नेमका तोच धागा उलटा केला, आणि मला हे फार विचारपूर्वक केलेलं वाटतं.)

लोक अंगठीपाशीच थांबतात पण ग्लॉकॉनचा खरा पेच त्याच्या पुढे आहे. तो म्हणतो दोन माणसं घ्या. एक पक्का अन्यायी, पण इतका हुशार की सगळ्या गावात सज्जन म्हणून मान. दुसरा खराखुरा न्यायी, पण सगळे त्याला बदमाश समजतात, त्याला फटके बसतात, साखळदंड पडतात, डोळे जाळले जातात, शेवटी सुळावर जातो. आता सांग की दोघांमध्ये सुखी कोण. ही अट एवढी कडक का, तर न्यायी माणसाला इज्जत आणि बक्षिसं मिळत राहिली तर तो न्यायासाठी वागतोय की बक्षिसासाठी हे कधी कळणारच नाही. तुमचा प्रश्न हाच आहे ना! त्याचा भाऊ ॲडिमॅन्टस आणखी भर घालतो की बापसुद्धा मुलांना नीट वाग म्हणून सांगतात तेव्हा त्यातून मिळणाऱ्या नावलौकिकाचंच कौतुक करतात, आणि देवांना म्हणे नैवेद्य-बळी देऊन वळवता येतं, मग पाप करून त्यातलाच थोडा भाग देवाला का देऊ नये.

याला प्लेटो सॉक्रेटिसच्या तोंडून जे उत्तर देतो ते लांबलचक आहे, जवळजवळ अख्खं पुस्तक त्यातच जातं, पण गाभा असा की माणसाचं मन एकसंध नाही, त्याचे तीन भाग आहेत. एक विचार करणारा, एक चीड-अभिमान-मान यांचा, आणि एक भूक-वासना-पैशाची हाव यांचा. हे तीन वेगळे कशावरून? तर तो लिओन्टियसची गोष्ट सांगतो. हा माणूस पायरियसहून वर येत होता, उत्तरेच्या तटाबाहेर शिक्षा झालेल्यांची प्रेतं पडलेली, त्याला बघावंसंही वाटतंय आणि स्वतःची किळसही येतीये, तोंड झाकून घेतो, झगडतो, शेवटी हरतो, धावत जातो आणि डोळे फाडून स्वतःच्याच डोळ्यांना म्हणतो, घ्या रे दुष्टांनो, घ्या बघून पोटभर! दोन हजार वर्षांपेक्षा जुना हा प्रसंग आहे पण बघू नये ते बघत बसलेल्या कुणालाही तो आजही ओळखीचा वाटेल. प्लेटो म्हणतो, न्याय म्हणजे या तिघांनी आपापलं काम करणं, विचाराने चालवणं, अभिमानाने त्याला साथ देणं, हावेने मर्यादेत राहणं. अन्याय म्हणजे आतली बंडाळी. शरीराला जसं आरोग्य तसा मनाला न्याय, आणि शरीर पार बिघडलं तर सगळी सत्ता-संपत्ती असूनही जगण्यात अर्थ नाही असं आपण म्हणतो, मग मन बिघडल्यावर कसला आलाय फायदा? पुढे तो जुलमी हुकूमशहाचं चित्र काढतो, ज्याला सगळं करायची मोकळीक आहे, म्हणजे अंगठी मिळाल्यासारखीच, आणि तोच सगळ्यात जास्त गुलाम, कारण त्याच्या वासना त्याच्या मालक झाल्यात, त्याला खरा मित्र एकही नाही आणि आसपासच्या प्रत्येकाची भीती.

यावर एक आक्षेप नेहमी घेतात, डेव्हिड सॅक्स नावाच्या अभ्यासकाने १९६३ मध्ये तो नेमका मांडला, की ठीक आहे, आतून सुसूत्र असलेला माणूस सुखी असेल, पण तो दुसऱ्याचे पैसे परत करेलच कशावरून? आतली शिस्त चोख असलेला थंड डोक्याचा दरोडेखोर असू शकत नाही का? आक्षेप खरंच जड आहे. प्लेटो चौथ्या भागात नुसतं म्हणतो की असा माणूस ठेव हडपणार नाही, देऊळ लुटणार नाही, मित्राचा घात करणार नाही, पण का ते तिथे नीट सांगत नाही. माझ्या मते उत्तर सहाव्या भागात आहे. तिथे तो म्हणतो की इच्छा पाटाच्या पाण्यासारख्या असतात, एका बाजूला जोरात वळवल्या की दुसरीकडचा प्रवाह कमी होतो. ज्याचा सगळा ओढा सत्य समजून घेण्याकडे आहे त्याला दुसऱ्याचा पैसा हवासाच वाटत नाही. अंगठी त्याला पण मिळेल हो, पण ती वापरून करायचं काय? ग्लॉकॉनने गृहीत धरलं होतं की इच्छा सगळ्यांच्या सारख्याच, फक्त संधी वेगळी. प्लेटोने ते गृहीतकच काढून घेतलं, आणि दहाव्या भागात सॉक्रेटिस स्पष्ट म्हणतो की गायजीसची अंगठी असो नसो, न्यायाने वागणंच मनाच्या भल्याचं.

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं म्हणून मला त्याचं मोल जास्त वाटतं. अथेन्समध्ये इ.स.पू. ४०४ मध्ये तीस जणांची जुलमी राजवट आली, त्यांनी सॉक्रेटिस आणि आणखी चौघांना बोलावून हुकूम दिला की सॅलॅमिस बेटावरून लिऑनला पकडून आणा, त्याला मारायचंय. ते चौघे गेले आणि त्याला घेऊन आले. सॉक्रेटिस घरी निघून गेला. ती राजवट लवकर कोसळली नसती तर त्याचा जीव गेला असता हे तो स्वतः खटल्याच्या वेळी सांगतो. त्याआधी ४०६ मध्ये लोकशाही असताना सुद्धा, आर्जिनुसीच्या आरमारी लढाईनंतर सेनापतींवर बेकायदा एकत्र खटला चालवायला त्याने एकट्याने विरोध केला होता आणि सभा त्याच्यावर खवळली होती. बक्षीस तर सोडाच, शेवटी ३९९ मध्ये अथेन्सने त्याला मृत्युदंड दिला. ग्लॉकॉनचा तो दुसरा माणूस, ज्याला सगळे वाईट समजतात, तो लिहिताना प्लेटोच्या डोळ्यासमोर कोण असेल हे सांगायची गरज नाही.

आता तुमच्या स्वतःबद्दलच्या शंकेवर. इथे मला प्लेटोपेक्षा ॲरिस्टॉटल जास्त उपयोगी वाटतो. तो म्हणतो न्यायाची कृती करणं वेगळं आणि न्यायी असणं वेगळं. न्यायी माणूस ती कृती जाणून करतो, तिच्यासाठीच निवडतो आणि त्याचा स्वभावच तसा पक्का झालेला असतो. आणि ओळखायचं कसं, तर ते करताना काय वाटतं त्यावरून. दुसऱ्याचं त्याला देऊन टाकताना आतून चडफड होत असेल तर अजून वाट चालायची आहे, बरं वाटत असेल तर पोचलात. नीट वागण्यात ज्याला आनंदच वाटत नाही त्याला न्यायी कोण म्हणेल असं तो सरळ विचारतो. पण तोच माणूस हेही सांगतो की न्यायाने वागत वागतच माणूस न्यायी होतो, म्हणजे सुरुवात भीतीने किंवा लाजेने झाली असेल तर त्यात कमीपणा काही नाही, सगळ्यांची तशीच होते. तेव्हा स्वतःला “मी भीतीने वागते का” एवढंच विचारू नका. दहा वर्षांपूर्वी जे जड जायचं ते आता सोपं जातं का, हे विचारा.

प्रश्न : न्यायाने वागलं की आपलंच मन निरोगी राहतं, म्हणून न्यायाने वागा, हा तर शेवटी स्वार्थच झाला! यात दुसऱ्या माणसाचा विचार कुठे आहे?

उत्तर : आक्षेप रास्त आहे, आणि प्रिचर्ड नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९१२ मध्ये जवळपास हेच लिहिलं होतं की योग्य ते का करायचं याचं उत्तर फायद्यात शोधणं हीच मुळात चूक आहे. पण ग्रीकांच्या बाजूने मी एक सांगेन. ते “यात माझं भलं काय” असं विचारतात तेव्हा त्यांच्या डोक्यात अख्खं आयुष्य चांगलं जगणं असतं, आणि त्या चांगल्या आयुष्याच्या आतच मित्र, शहर, दुसऱ्याशी नीट वागणं हे सगळं येतं, ते बाहेरून लावलेलं नसतं. ॲरिस्टॉटलने स्वार्थाचे दोन प्रकार सरळ वेगळे केलेत. पैसा, मान आणि शरीरसुख यातला मोठा वाटा स्वतःकडे ओढणारा माणूस स्वतःवर प्रेम करतो असं आपण नावं ठेवत म्हणतो आणि ते बरोबरच आहे. पण जो माणूस न्यायाची कृती आपल्या हातून आधी व्हावी म्हणून धडपडतो त्याला स्वार्थी कुणी म्हणत नाही, खरं तर स्वतःवर जास्त प्रेम त्याचंच आहे, कारण तो स्वतःमधल्या सर्वात चांगल्या भागाला हवं ते देतोय. फरक असा की पैसा एकाने घेतला की दुसऱ्याला कमी पडतो, चांगुलपणाचं तसं नाही.

शिवाय न्यायाबद्दल तो मुद्दाम सांगतो की इतर गुण माणूस स्वतःपुरते वापरू शकतो पण न्याय हा दुसऱ्याच्या संबंधातच असतो, म्हणूनच तो पूर्ण गुण, आणि म्हणूनच अवघड. घरात एकट्याने बसून धीट होता येईल कदाचित, न्यायी नाही होता येणार.

प्लेटोपुरतं मात्र तुमचं अर्धं बरोबर आहे असं मला वाटतं. आतल्या व्यवस्थेवर त्याचा भर इतका आहे की ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस त्याच्या चित्रात मागे पडतो. ‘गॉर्जियस’ नावाच्या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की अन्याय सोसण्यापेक्षा अन्याय करणं जास्त वाईट, आणि ते वाक्य मला फार मोठं वाटतं, पण त्यातही नजर करणाऱ्याच्या मनावरच आहे, सोसणाऱ्याच्या जखमेवर नाही.

प्रश्न : माझा मित्र म्हणतो न्याय-बिय म्हणजे फक्त करार, तू मला मारू नको मी तुला मारत नाही. कायदा आणि शिक्षा काढून घेतली तर सगळे जनावरं होतील. ग्रीकांपैकी कुणी असं म्हणत होतं का?

उत्तर : हो, बरेच जण. ग्लॉकॉनही मघाच्या भाषणात हेच मांडतो की अन्याय करणं लोकांना गोड वाटतं, सोसणं त्याहून जास्त कडू, म्हणून ज्यांना करताही येत नाही आणि टाळताही येत नाही अशांनी मिळून करार केला. अँटिफॉन नावाचा विचारवंत तर याहून धीट. त्याच्या लिखाणाचे तुकडे इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसला पपायरसवर सापडले, त्यात तो म्हणतो की साक्षीदार असतील तेव्हा कायदा पाळणं फायद्याचं, एकटे असाल तेव्हा निसर्गाचं ऐकणं.

एपिक्युरस हा तत्त्वज्ञ थोडा पुढच्या काळातला, त्यालाही न्याय म्हणजे एकमेकांना इजा न करण्याचा करारच वाटतो. अन्याय मुळात वाईट नाही, वाईट आहे ती पकडले जाऊ ही धास्ती, दहा हजार वेळा निसटलात तरी मरेपर्यंत खात्री नाही. हा युक्तिवाद मला कमजोर वाटतो, कारण निर्ढावलेली माणसं शांत झोपतात हे आपण बघतो. त्याने स्वतःच विचारलं होतं म्हणे की कळणारच नाही अशी खात्री असेल तर शहाणा माणूस कायद्याविरुद्ध काही करेल का, आणि सरळ उत्तर देणं सोपं नाही असं लिहिलं, नंतरच्या प्लुटार्क नावाच्या लेखकाने ही नोंद ठेवलीये. पण एपिक्युरसचा दुसरा मुद्दा जास्त मजबूत आहे. निसर्गाला लागणारी संपत्ती थोडी आणि सहज मिळणारी असते, अमर्याद असते ती पोकळ कल्पनांना लागणारी. ज्याच्या गरजा थोड्या आहेत त्याला लुबाडायचं कारणच उरत नाही. बघा, प्लेटो आणि एपिक्युरस एरवी दोन टोकांना, पण इथे दोघंही इच्छेपाशीच येऊन थांबतात.

मित्राला उलट बाजूही सांगा. सॉक्रेटिसच्या काळातला प्रोटॅगोरस नावाचा एक शिक्षक होता, त्याची एक कथा आहे, माणसांकडे अग्नी होता, कला होत्या, पण एकत्र आले की एकमेकांना छळायचे आणि परत पांगायचे, तेव्हा देवांचा राजा झ्यूसने त्याचा दूत हर्मिसच्या हाती लाज आणि न्याय पाठवले. हर्मिसने विचारलं, वैद्यकी जशी एकालाच देतो, बाकीच्यांना पुरते, तसं वाटू का? झ्यूस म्हणाला, नाही, सगळ्यांना दे, थोड्यांकडेच राहिलं तर शहरंच उभी राहणार नाहीत. म्हणजे नुसती शिक्षेची भीती पुरत नाही, आत काहीतरी प्रत्येकाकडे लागतं.

आणि कायदा खरंच गळून पडला तेव्हा काय झालं याची नोंदही आहे. इ.स.पू. ४३० मध्ये युद्धामुळे खेड्यातली माणसंही अथेन्सच्या तटाच्या आत कोंबलेली असताना रोगाची साथ आली. इतिहासकार थ्युसिडिडीसने ती स्वतः भोगली आणि लिहून ठेवली. तो लिहितो की आधी जे लोक लपून करायचे ते उघड करायला लागले, देवाची भीती उरली नाही कारण पूजा करणारे न करणारे सारखेच मरत होते, कायद्याची उरली नाही कारण खटला उभा राहीपर्यंत आपण जगू असं कुणाला वाटत नव्हतं. तुमच्या मित्राची बाजू इथे पूर्ण सिद्ध झाल्यासारखी वाटते. पण त्याच वर्णनात थोडं आधी थ्युसिडिडीस लिहितो की काही माणसं घाबरून दूर राहायची लाज वाटून मित्रांच्या घरी जात राहिली, जिथे घरच्यांनीही रडून रडून हात टेकले होते तिथेही, आणि तीच जास्त मेली. तीच साथ, तेच शहर, शिक्षा कुणालाच नाही आणि बक्षीसही कुणाला नाही. करारवाल्यांना या दुसऱ्या माणसांचा हिशेब लावता येत नाही, मला तरी आजवर कुणी लावून दाखवलेला नाही.

प्रश्न : मी व्यापारी आहे. खोटं बोलायचं नाही एवढं पाळतो. पण मला माहीत असलेलं सगळं गिऱ्हाइकाला सांगायलाच हवं का? ग्रीकांना असले व्यवहारातले प्रश्न पडले होते का?

उत्तर : पडले होते, आणि अगदी तुमचाच. स्टोइक नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञांच्या पंथाचे दोन प्रमुख, बॅबिलोनचा डायोजेनीस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर, यांच्यातला वाद रोमन लेखक सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात दिलाय. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ, धान्याचे भाव कडाडलेले. एक प्रामाणिक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोचतो. वाटेत त्याने बघितलंय की धान्याने भरलेली आणखी जहाजं ऱ्होड्सकडेच निघालीयेत. हे सांगायचं, की गप्प राहून चढ्या भावाने विकायचं?

डायोजेनीस म्हणतो, मालात खोट असेल तर सांग, कायदा तेवढंच मागतो, बाकी गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे. प्रत्येक फायद्याची गोष्ट सांगायलाच हवी म्हटलं तर मग विकायचं तरी कशाला, फुकटच वाटावं लागेल. अँटिपेटर म्हणतो, तू माणसांच्या समाजासाठी जन्मलायस, सगळ्यांचं हित तेच तुझं हित, आणि उपाशी लोकांपासून पोटभर धान्य येतंय ही गोष्ट लपवतोस?

डायोजेनीसच्या म्हणण्यात तथ्य आहे, सगळं सांगत बसलं तर व्यापारच होणार नाही, आणि ज्ञानाची किंमत घेणं यात गैर काही नाही. पण सिसेरोने जो निकष लावलाय तो मला पटतो. समोरच्याला कळणं त्याच्या हिताचं आहे, आणि त्याला कळू नये असं तुम्हाला फक्त तुमच्या फायद्यासाठी वाटतंय, तर ती लपवाछपवी. भाव उद्या उतरणार हे माहीत असून आज गप्प राहिलात आणि गिऱ्हाइकाला ते कळलं असतं तर त्याने आज माल घेतलाच नसता, तर तुम्ही ऱ्होड्सच्या व्यापाऱ्याच्या जागी आहात. माल तुम्ही कुठून आणि केवढ्याला आणला, दुसरा पुरवठादार कोण, हे न सांगणं त्यात बसत नाही.